पिकअप ट्रकचे स्पार्क प्लग बदलण्याचा खर्च

पिकअप ट्रकचे स्पार्क प्लग बदलण्याचा खर्च : पेट्रोलवर चालणाऱ्या पिकअप ट्रकच्या इंजिनातील झिजलेले प्लग काढून नवे बसवण्यासाठी येणारा सुट्या भागांचा, मजुरीचा आणि काम बिघडल्यास होणाऱ्या दुरुस्तीचा एकूण खर्च. यातला तिसरा घटक बहुतेक अंदाजपत्रकांत नसतो, आणि मालकाचे कंबरडे मोडते ते त्यानेच. प्लगची किंमत आकड्यात सांगता येते, मजुरीही सांगता येते. पण जुना प्लग सरळ बाहेर येईल की हेडमध्ये तुटेल, हे पाना लावेपर्यंत कळत नाही. अमेरिकेत फोर्ड एफ-१५० या पिकअपच्या २००४ ते २००८ या मॉडेलवर्षांतील ५.४ लिटर ‘ट्रायटन’ थ्री-व्हॉल्व्ह इंजिनाने हे लाखो मालकांच्या पदरात घातले. म्हणून ही नोंद मुख्यतः त्या इंजिनाभोवती आहे.

प्लग का बदलावा लागतो : प्लगच्या दोन इलेक्ट्रोडांमधील फटीत (गॅपमध्ये) दर ठिणगीगणिक धातूचा सूक्ष्म अंश झडतो आणि फट हळूहळू रुंदावते. रुंद फटीतून ठिणगी उडवायला कॉइलला जास्त दाब निर्माण करावा लागतो. हा दाब हजारो व्होल्टांत असतो. पुढे ठिणगी चुकू लागते, म्हणजे गाडी ‘मिसिंग’ करते. न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये जाऊन कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवते, आणि तो भाग प्लगांच्या अख्ख्या संचापेक्षा कितीतरी महाग असतो. झीज किती लवकर होईल हे इलेक्ट्रोडच्या धातूवर ठरते. निकेल १,४५५ अंश सेल्सिअसला वितळते, प्लॅटिनम १,७६८ अंशांना आणि इरिडियम २,४४६ अंशांना. निकेलचे टोक असलेले, तांब्याच्या गाभ्याचे साधे प्लग स्वस्त, पण अल्पायुषी. प्लॅटिनम आणि इरिडियमच्या प्लगांना अनेक कंपन्या १,००,००० मैल (सुमारे १,६०,००० किमी) आयुष्य देतात. हा लांबलेला पल्ला मालकाच्या सोयीचा म्हणून जाहिरातीत आला. प्रत्यक्षात त्याने एक अडचण निर्माण केली: जो प्लग दहा-बारा वर्षे हलवलाच नाही, तो हलवायच्या वेळी हलत नाही.

खर्चाची साधी बेरीज : एफ-१५० च्या ५.४ लिटर व्ही-८ इंजिनात आठ सिलिंडर आणि आठ प्लग. राम ट्रकच्या ५.७ लिटर हेमी इंजिनात दर सिलिंडरला दोन, म्हणजे सोळा. सुरुवातीच्या हेमींमध्ये तांब्याच्या गाभ्याचे साधे प्लग असत आणि ते ३०,००० मैलांना (सुमारे ४८,००० किमी) बदलायचे होते. प्लग स्वस्त, पण संख्या दुप्पट आणि पाळी लवकर येणारी. अमेरिकन गॅरेजात मजुरी ‘पुस्तकी तासां’वर आकारतात. प्रत्येक कामाला किती तास लागावेत हे मार्गदर्शक पुस्तकात दिलेले असते. त्याला गॅरेजच्या तासाच्या दराने गुणतात. दर शहरागणिक आणि डीलर आहे की स्वतंत्र गॅरेज यावर बदलतो, पण आज तो साधारणपणे १०० ते २०० डॉलरच्या दरम्यान असतो. उदाहरणादाखल प्लग १० डॉलरचा, काम तीन तासांचे आणि दर १५० डॉलर धरला, तर प्लगांचे ८० आणि मजुरीचे ४५० मिळून ५३० डॉलर होतात. म्हणजे सरळ पार पडलेल्या कामातही प्लगांचा वाटा सहाव्या हिश्श्याहून कमी. ‘स्वस्त प्लग घातला की पैसे वाचतात’ ही समजूत इथे टिकत नाही. आठ प्लगांवर चाळीस डॉलर वाचवून मजुरीची पाळी लवकर ओढवून घेणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

मजुरी जास्त लागते ती जागेमुळे. एफ-१५० चे इंजिन मागच्या बाजूने केबिनच्या पुढच्या भिंतीखाली सरकलेले आहे. फोर्डच्या क्रमांकनानुसार पहिले चार सिलिंडर चालकाशेजारच्या प्रवाशाच्या बाजूला आणि पाच ते आठ चालकाच्या बाजूला. त्यामुळे चौथा आणि आठवा सगळ्यात मागे. त्या दोघांपर्यंत पोचायला हात वाकवावे लागतात, कॉइल आंधळेपणाने काढावी लागते, पान्याला दोन-तीन जोड द्यावे लागतात. पुढचे प्लग पटकन होतात, मागचे दोन वेळ खातात.

ट्रायटनचा दोष : एफ-मालिका १९७७ पासून अमेरिकेतील सर्वाधिक खपाची पिकअप मालिका आहे, त्यामुळे तिच्या इंजिनातली लहानशी चूकही फार मोठ्या संख्येने घरोघरी पोचते. १९९७ पासूनच्या टू-व्हॉल्व्ह ट्रायटन इंजिनात प्लग धरून ठेवणारे अॅल्युमिनियम हेडमधले आटे मोजकेच होते. काही गाड्यांत चालत्या इंजिनातून प्लग आटे उपसून, कॉइलसकट वर फेकला जाई. त्यावर हेडमध्ये पोलादी आट्यांची बाही बसवण्याची दुरुस्ती रूढ झाली.

२००४ च्या एफ-१५० मध्ये दर सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह असलेले नवे हेड आले. इंजिनाची ताकद ३०० अश्वशक्ती झाली. प्लग उडण्याचा प्रश्न मागे पडला आणि त्याच्या बरोबर उलट प्रश्न उभा राहिला: प्लग बाहेर येईना. या हेडसाठी केलेल्या प्लगचे आटे वरच्या बाजूला होते आणि त्यांच्या खाली आटे नसलेली लांब, बारीक नळी ज्वलनकक्षापर्यंत उतरत होती. ठिणगीचे खालचे टोक याच नळीला जोडलेले. भर म्हणजे प्लगचे अंग एकसंध नव्हते. वरचा षट्कोनी भाग आणि खालची नळी हे दोन तुकडे दाबून जोडलेले होते. इंजिन चालत राहिले की नळी आणि हेडचे भोक यांमधल्या अरुंद जागेत काजळी भरत जाई आणि कालांतराने घट्ट बसे. मेकॅनिक पाना लावून प्लग फिरवी तेव्हा वरचा भाग फिरे, खालचा काजळीत अडकलेला राही, आणि जोड सुटे. हातात प्लगचा अर्धा भाग, हेडमध्ये नळी आणि कधी कधी चिनीमातीचा तुकडाही. याच हेडचे ४.६ लिटर इंजिन २००५ च्या मस्टँग जीटीत होते आणि ६.८ लिटरचे दहा सिलिंडरी इंजिन जड ट्रकांत होते. त्यांच्याही नशिबी हेच आले.

फोर्डने २००६ पासून तांत्रिक सूचनापत्रके काढून प्लग काढण्याची पद्धत सांगितली. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यायचे. प्लग एक-अष्टमांश ते एक-चतुर्थांश फेरा, तेवढाच सैल करायचा. प्लगच्या विहिरीत कार्ब्युरेटर क्लीनर सोडून किमान पंधरा मिनिटे मुरू द्यायचा. मग मागे-पुढे हलवत, जोर न लावता आटे सोडवायचे. आवाज आला किंवा पाना अडला की पुन्हा क्लीनर, पुन्हा थांबायचे. नवा प्लग घालताना नळीच्या बाहेरच्या बाजूला निकेलयुक्त अँटी-सीझ लावायचे, आट्यांना नव्हे, आणि २५ फूट-पाउंड (३४ न्यूटन-मीटर) टॉर्कने आवळायचा. अनेक अनुभवी मेकॅनिक इंजिन कोमट असताना काढणे पसंत करत आणि त्यावरून वाद होत राहिले. माझ्या मते यात कंपनीचेच ऐकावे, कारण गरम अॅल्युमिनियमच्या आट्यांवर जोर दिल्यास आटेच गमावण्याचा धोका असतो, आणि तो तुटलेल्या नळीपेक्षा वाईट.

नळी अडकलीच तर ती काढण्याची साधने बाजारात आहेत. लाइल कंपनीचे साधन त्यात सगळ्यात परिचित: आधी चिनीमातीचा गाभा खाली ढकलायचा, मग नळीच्या आत आटे पाडून ओढणारा स्क्रू गुंतवायचा आणि नळी वर खेचायची. जमले तर एका प्लगमागे तासाभराची भर. न जमले, किंवा तुकडा सिलिंडरमध्ये पडला आणि बाहेर ओढता आला नाही, तर हेड उतरवण्यावाचून मार्ग नाही, आणि हा खर्च हजारो डॉलरांत जातो. वरच्या उदाहरणात दोन प्लग तुटले आणि दोन्ही साधनाने निघाले असे धरले, तरी ५३० चे ८३० होतात.

बिल कोणाकडे गेले : पुस्तकी तासांची पद्धत सरळ कामासाठी आहे. मेकॅनिकला बहुतेक ठिकाणी त्या तासांचाच मोबदला मिळतो. आठही प्लग तुटून दिवस गेला तरी पुस्तकात तेवढेच तास. त्यामुळे गॅरेजांना दोनच वाटा उरल्या. काहींनी हे काम घेणेच सोडले. बाकीच्यांनी आधीच कागदावर सही घेतली, की तुटणाऱ्या प्रत्येक प्लगमागे वेगळे पैसे पडतील. कॅलिफोर्नियात गॅरेजाने काम सुरू करण्यापूर्वी लेखी अंदाज देणे आणि रक्कम वाढणार असल्यास ग्राहकाची संमती घेणे कायद्याने बंधनकारक आहे. इतरत्रही मालकाने ते मागून घ्यावे. अर्धवट खोललेल्या इंजिनासमोर उभ्या असलेल्या माणसाला घासाघीस करता येत नाही.

खरा अन्याय मात्र गॅरेजाने केला नाही. फोर्डने प्लगची पाळी १,००,००० मैलांची ठरवली होती. इंजिनाची वॉरंटी २००६ पर्यंतच्या मॉडेलांना ३६,००० मैलांची, २००७ पासून ६०,००० मैलांची. म्हणजे कारखान्यात केलेल्या रचनेचा दोष उघडा पडण्याची वेळ नेमकी वॉरंटी संपल्यानंतर येई, आणि तोवर गाडी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे गेलेली असे. हा मालक सुतार, गवंडी, शेतकरी, लहान कंत्राटदार. ट्रक हेच त्याचे पोटापाण्याचे साधन. ट्रक चार दिवस गॅरेजात राहिला तर बुडालेली रोजीही या खर्चातच धरायला हवी. ती कोणत्याही बिलावर छापलेली नसते. थ्री-व्हॉल्व्ह इंजिनांच्या मालकांनी वेगवेगळ्या राज्यांत भरलेले दावे ओहायोतील फेडरल न्यायालयात एकत्र चालले आणि पुढे तडजोडीने मिटले. तोपर्यंत अनेकांनी गाड्या विकून टाकल्या होत्या.

२००७ च्या शेवटच्या तिमाहीत फोर्डने हेडच बदलले आणि नव्या रचनेचा प्लग आणला. जुन्या हेडसाठी चॅम्पियन कंपनीने एकसंध अंगाचा प्लग काढला. त्यात तुटण्यासारखा जोडच नाही. जुने प्लग एकदा सुखरूप निघाले की पुढच्या वेळेसाठी हाच बसवणे शहाणपणाचे. बरेच मेकॅनिक १,००,००० मैलांची वाट न पाहता ६०,००० मैलांच्या आसपास प्लग काढून पाहायला सांगतात. त्याने मजुरीची पाळी वाढते, तरी या इंजिनात तो सल्ला योग्यच आहे.

स्वतः करणे : अमेरिकेत घराच्या आवारात हे काम स्वतः करणारे पुष्कळ आहेत. सुट्या भागांची मोठी दुकाने अनामत घेऊन अवजारे वापरायला देतात. सिल्व्हेराडो या पिकअपच्या ५.३ लिटर इंजिनात बाजूने प्लग दिसतात आणि सवयीच्या हाताला ते काम अवघड जात नाही. ट्रायटनमध्ये मात्र पहिला प्रयत्न सुटीच्या दिवशी संध्याकाळी करू नये.

भारतातील स्थिती : महाराष्ट्रात दिसणाऱ्या बोलेरो पिकअप, योद्धा अशा बहुतेक पिकअप डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात इंधन दाबाने तापलेल्या हवेत पेटते, त्यामुळे स्पार्क प्लगच नसतो. थंडीत सुरू होण्यासाठी असलेले ग्लो प्लग वेगळे. पण सीएनजीवर चालणाऱ्या लहान मालवाहू गाड्या वाढल्या, तसा हा खर्च इथेही आला. टाटा एस गोल्डच्या पेट्रोल इंजिनात दोन सिलिंडर आणि दोनच प्लग, मारुती सुपर कॅरीत चार. त्यामुळे रक्कम लहान राहते. सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागते आणि प्लग लवकर झिजतो, म्हणून सीएनजी गाडीत पेट्रोलच्या हिशोबाने प्लग चालवू नये. अॅल्युमिनियम हेडचे आटे इथेही तेवढेच नाजूक आहेत. रस्त्याकडेच्या गॅरेजात टॉर्क पान्याशिवाय, हाताच्या अंदाजाने प्लग आवळण्याची सवय आहे. ती मोडायला हवी.

जुना एफ-१५० घेताना : कॉइलच्या बुटाचा, म्हणजे प्लगवर बसणाऱ्या रबरी टोपणाचा, रंग पाहावा, काळा असेल तर हेड जुन्या रचनेचे, तपकिरी असेल तर नव्या. काळा असल्यास प्लग बदलल्याची पावती मागावी आणि त्यावर प्लगचा प्रकार लिहिला आहे का ते पाहावे. पावती नसेल तर आठही प्लग अजून मूळचेच आहेत असे समजून, निदान चार तुटतील असे धरून, तेवढी रक्कम सौद्यातून कमी करून घ्यावी.