शिलोंडा निसर्गफेरी

शिलोंडा निसर्गफेरी ही मुंबई उपनगर जिल्ह्यातील बोरिवली येथे, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील शिलोंडा पायवाटेवर काढली जाणारी मार्गदर्शित वनभ्रमंती होय. संरक्षित वनातील ही वाट ओढ्याच्या सोबतीने जाते. येथे परवानगीविना फिरता येत नाही. सोबत जाणकार मार्गदर्शक असावा लागतो. फेरी सकाळी लवकर निघते. फुलपाखरे मात्र ऊन चढल्यावरच दिसू लागतात. ओढ्याकाठच्या ओल्या मातीतील क्षार शोषण्यासाठी नर फुलपाखरे घोळक्याने उतरतात. महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेले ‘ब्ल्यू मॉरमॉन’ही येथे आढळते.

पार्श्वभूमी

उद्यानाचे क्षेत्रफळ सुमारे १०४ चौ. किमी असून ते मुंबई उपनगर व ठाणे या जिल्ह्यांत पसरले आहे. महानगराला खेटून हे अरण्य टिकले, त्याचे मोठे कारण पाणी हे आहे. शहराच्या पाणीपुरवठ्यासाठी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव बांधले गेले व त्यांच्या पाणलोटातील जंगल राखले गेले.

वनस्पती

वन मुख्यतः आर्द्र पानझडी प्रकारचे आहे. साग, ऐन, शिसव, खैर, बेहडा, मोह हे वृक्ष सर्वत्र आढळतात. पानगळीनंतर पळस, पांगारा व काटेसावर फुलतात. पांढुरक्या खोडाचा कांडोळ उन्हाळ्यात निष्पर्ण उभा राहतो, म्हणून त्याला ‘भुत्या’ असेही म्हणतात.

उतारांवर कारवीची दाट झुडपे आहेत. ती आठव्या वर्षी एकदाच सामूहिकरीत्या फुलते, बी धरते आणि वाळून जाते. येथील अलीकडचे बहर २००८, २०१६ व २०२४ सालचे. एखाद्या वर्षी जागा नष्ट झाली, तर पुढच्या बहरासाठी बीच पडत नाही. त्यामुळे कारवीची हानी लगेच लक्षात येत नाही. तिच्या काठ्या कुडाच्या भिंतींसाठी पूर्वापार वापरल्या जातात.

वन्यजीव

दिवसा बिबट्या क्वचितच दिसतो. मार्गदर्शक पाऊलखुणा, विष्ठा व खोडांवरील नखांचे ओरखडे दाखवतात. वन विभागाने २०११ मध्ये ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. त्यात बिबट्यासोबतच्या सहजीवनावर भर दिला गेला.

धोके

अतिक्रमणांविरुद्ध बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने १९९५ मध्ये याचिका केली. उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये अतिक्रमणे हटवण्याचा आदेश दिला. उद्यानातील वारली, महादेव कोळी आदींचे पाडे मात्र जुने असून त्यांचा प्रश्न नव्या झोपड्यांच्या प्रश्नाहून वेगळा आहे. चर्चेत या दोहोंची सरमिसळ होते. उन्हाळ्यातील वणवे वाळलेल्या गवतातून झपाट्याने पसरतात. गोरेगाव–मुलुंड जोडरस्ता व ठाणे–बोरिवली मार्ग यांचे जुळे बोगदे उद्यानाखालून नियोजित आहेत. बोगद्यांमुळे वरचे जंगल तोडावे लागत नाही. परंतु त्यांच्या मुखांजवळची झाडे जातात.