अधिकातले अनारसे, कोजागरीचं दूध आणि कुलूप लावलेली गच्ची

साथीचा इतिहास वाचायला घेतला की आकडे भरपूर मिळतात. किती दगावले, किती खाटा वाढवल्या, सरकारने कोणता हुकूम कधी काढला. पण त्या दिवशी घरात काय शिजलं, आलेल्या पाहुण्याला आत घेतलं की दारातूनच ताट दिलं, हे अहवालात येत नाही. म्हणून 2020 चा आश्विन लिहून ठेवतेय, नीट आठवतोय तोवर.

आधी थोडं मागे जाते. 1918 साली मुंबईत इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट सप्टेंबरात आली आणि 6 ऑक्टोबरला एका दिवसात 768 मृत्यू नोंदले गेले. ही तारीख पंचांगाशी ताडून पाहा. त्या वर्षीचा दसरा 15 ऑक्टोबरला होता. साईबाबांनी शिर्डीत देह ठेवला तो हाच दसरा. नऊ दिवस मागे मोजा. म्हणजे घरोघरी घट बसत होते तेव्हाच शहरात मृत्यूंनी शिखर गाठलं होतं. त्यात पावसाने दगा दिलेला, महायुद्धामुळे धान्य महाग. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत एक जण तापाने फणफणलेला आणि कोपऱ्यात अखंड दिवा. त्या बाईने तेल दिव्यात घातलं असेल की तळणात, हा प्रश्न मला 768 या आकड्याइतकाच मोठा वाटतो.

आता 2020. भाद्रपद संपता संपता, म्हणजे 17 सप्टेंबरच्या आसपास, देशात दिवसाला 97 हजारांवर नवे रुग्ण सापडत होते. महाराष्ट्रात वीस हजारांच्या वर, आणि आमचं पुणं त्यात आघाडीवर. एरवी सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी घट बसतात. त्या वर्षी 18 सप्टेंबरला अधिक आश्विन लागला आणि नवरात्र थेट 17 ऑक्टोबरवर गेलं. तोवर राज्यातला रोजचा आकडा निम्म्यावर आला होता. पंचांगाने आपल्याला एक महिना दिला. 1918 च्या लोकांना तो मिळाला नव्हता. यात कुणाची हुशारी नाही, निव्वळ योगायोग. पण त्याबद्दल कुणी बोलताना दिसत नाही.

अधिक महिना म्हटला की जावयाला तेहतीस अनारशांचं वाण. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, मग कुटून गुळात मळून ठेवा. अनारशाचं पीठ कधीचं तयार होतं, पण जावई मुंबईत. यायला ई-पासची अट सप्टेंबरातच गेली होती, अडचण पासची नव्हतीच. अडचण होती घरातले ऐंशीचे आजोबा. तीन दिवस फोनवर खल झाला आणि शेवटी जावई आला नाही. व्हिडिओ कॉलवर ओवाळून घेतलं, अनारसे कुरिअरने गेले आणि पोचेपर्यंत त्यांची जाळी मोडून भुगा झाला. त्याने तो दुधात घालून खाल्ला म्हणे.

गंमत बघा, आपण नेमकं कशाला घाबरत होतो? वस्तूंना. दुधाच्या पिशव्या धुवत होतो, फराळाचा डबा एक दिवस बाल्कनीत ठेवत होतो, दसऱ्याला आपट्याची पानं घेऊन लगेच हाताला सॅनिटायझर. काही जणांनी तर सोनं फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर वाटलं. पण डबा घेऊन आलेल्या माणसाला 'असं कसं, चहा तरी घे' म्हणून खिडक्या लावलेल्या हॉलमध्ये तासभर बसवत होतो. बंद जागेतली हवा हाच मोठा धोका, हे शास्त्रज्ञ जुलैपासून ओरडून सांगत होते. 239 जणांनी मिळून पत्रच लिहिलं होतं. स्वयंपाकघरापर्यंत ते पोचलंच नाही.

1918 मध्ये विषाणू कुणाला दिसलेला नव्हता, भलत्याच एका जिवाणूवर खापर फोडलं जात होतं. माणसाला होणाऱ्या इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा काढला गेला तो 1933 साली. तरी बॉस्टनजवळ डॉक्टरांनी रुग्णांना तंबूत, मोकळ्या हवेत ठेवलं होतं. कारण माहीत नसताना त्यांनी हवेचा विचार केला. आपल्याला कारण माहीत होतं आणि आपण डबे पुसत बसलो.

याचा कळस म्हणजे कोजागरी. 30 ऑक्टोबर, शुक्रवार. आपल्या सगळ्या सणांत उघड्या आकाशाखाली साजरा होणारा हा सण. चार घरांनी चार कोपऱ्यांत सतरंज्या टाकून आपापलं दूध आटवलं असतं तर त्याहून कमी धोक्याचा कार्यक्रम नव्हता. आमच्या सोसायटीने काय केलं? गच्चीला कुलूप. मग पोरं कंटाळली, दोन-तीन घरं एका फ्लॅटमध्ये जमली, पंखा बंद (गॅस विझतो ना!) आणि केशर-चारोळ्यांचं दूध झाकल्या दारांआड. चंद्र बघायला एकेक जण गॅलरीत जाऊन येत होता.

आणि ज्यांच्या हातात असा काही निर्णयच नव्हता, त्यांचं काय? पोळ्या करणाऱ्या मावशी. पीएमपी 3 सप्टेंबरला सुरू झाली तशा येऊ लागल्या, दोन बस बदलून. एप्रिल-मेचा पगार काही घरांनी दिला, काहींनी नाही. फराळ आम्ही निम्मा करायचा ठरवला, कारण यंदा येणार कोण. ते ऐकून त्यांनी विचारलं, "ताई, म्हणजे चकलीचे दोन दिवस माझे गेले का?" आमचा धोक्याचा हिशोब आजोबांपुरता होता. त्यांच्या हिशोबात बस होती, थकलेलं भाडं होतं आणि आमची चकलीही होती. फराळ पूर्ण केला, खिडक्या उघड्या टाकून. तळणाच्या वासावर वरच्या मजल्यावरून फोन आला, तो वेगळा.

14 नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन झालं. दिवाळी पहाट ऑनलाइन, देवळं उघडली पाडव्याला, 16 तारखेला. राज्यातला आकडा चार हजारांच्या घरात होता आणि दिवाळीनंतर भीती होती तसा भडका उडाला नाही. मग लोक म्हणाले, गेला कोरोना. फेब्रुवारीत अमरावती-यवतमाळकडे आकडे पुन्हा चढू लागले, तेव्हा आपण लग्नांच्या हॉलमध्ये होतो. बंद, एसी हॉलमध्ये.

तुमच्याकडे त्या दिवाळीची वाण्याची यादी, हिशोबाची वही, 'यंदा येऊ नका' असा मेसेज काही असेल तर टाकू नका. फोटो काढून ठेवा, तारीख घाला. घरात 1918 च्या कुणाची आठवण ऐकलेली असेल, तर ती खाली लिहा. गाव आणि नातं तेवढं सांगा.