खुली शाळा आणि खाजगी दार : धारवाड ते मूल

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार विद्यार्थ्याने प्रवेश मागितला. मुंबई सरकारने तो नाकारला. एका मुलाला घेतल्यास इतरांच्या दृष्टीने शाळाच निरुपयोगी ठरेल, हे त्यामागील कारण होते. वरिष्ठांशी पत्रव्यवहार झाल्यानंतर १८५८ मध्ये धोरण जाहीर झाले. केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्वांना खुल्या झाल्या. परंतु जेथे खर्चात स्थानिक देणगीदारांचा वाटा होता व त्यांचा विरोध होता, तेथे अस्पृश्य मुलांना प्रवेश देण्याचा सरकारचा विचार नव्हता; अशा शाळांचे अनुदान रोखण्याचा अधिकार तेवढा राखून ठेवण्यात आला. समतेचे तत्त्व मान्य करतानाच ते चुकविण्याची वाटही सरकारनेच दाखविली, असे म्हणावे लागते. पैसा ज्याचा, दार त्याचे!

अमेरिकेत हीच वाट टोकाला गेली. १९५४ च्या ब्राउन खटल्यात वर्णभेदावर आधारित सार्वजनिक शाळा घटनाबाह्य ठरल्या. त्यानंतर व्हर्जिनियातील प्रिन्स एडवर्ड काउंटीने १९५९ मध्ये आपल्या सार्वजनिक शाळाच बंद केल्या. गोऱ्या मुलांसाठी खाजगी अकादमी उभी राहिली व तिच्या शुल्कासाठी काही काळ सरकारी साहाय्यही मिळाले. कृष्णवर्णीय मुलांना १९६४ पर्यंत गावात सार्वजनिक शाळा उरली नाही. जात आणि वर्ण या एक गोष्टी नव्हेत. येथे साम्य आहे ते खाजगी मालकीच्या आडोशाचे.

चांदा जिल्हा १८५८ मध्ये मुंबई इलाख्यात नव्हता. तो मुंबई राज्यात आला १९५६ साली. तरीही हा जुना प्रश्न आज मूलसारख्या गावालाही लागू पडतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत प्रवेशस्तरावर २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांसाठी राखल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ही तरतूद वैध ठरविली. विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा मात्र वगळल्या. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने महाराष्ट्र शासनाने, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असल्यास, खाजगी शाळेला या जबाबदारीतून मोकळे केले. तालुक्याच्या लहान गावात असे अंतर राखून असलेली खाजगी शाळा सापडणे अवघडच. म्हणजे मूलमधील मजुराच्या मुलासाठी हक्क कागदावर राहिला असता आणि शेजारची सरकारी शाळाच त्याला अडविण्याचे निमित्त झाली असती. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये अधिसूचनेला स्थगिती दिली व १९ जुलै रोजी ती रद्द केली. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्या निर्णयात हस्तक्षेप करण्यास नकार दिला.