फाल्कन हेवी

फाल्कन हेवी हा अमेरिकेतील स्पेसएक्स या खासगी कंपनीने विकसित केलेला, अवजड भार अंतराळात नेणारा व अंशतः पुन्हा वापरता येणारा अग्निबाण आहे. त्याची उंची ७० मीटर असून उड्डाणाच्या वेळी त्याचे वजन सुमारे १,४२० टन असते. फाल्कन ९ या अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यासारखे तीन भाग शेजारी-शेजारी जोडून त्याचा पहिला टप्पा बनतो. प्रत्येक भागात नऊ, अशी एकूण २७ मर्लिन इंजिने असतात. त्यांत शुद्ध केलेले रॉकेल आणि द्रवरूप ऑक्सिजन जाळला जातो. कोणताही भाग परत आणावयाचा नसेल, तर हा अग्निबाण जवळजवळ ६४ टन भार पृथ्वीनिकट कक्षेत नेऊ शकतो, असे कंपनी सांगते.

योजना आणि विलंब

कंपनीचे संस्थापक इलॉन मस्क यांनी ५ एप्रिल २०११ रोजी वॉशिंग्टन येथे ही योजना जाहीर केली. वहनक्षमता ५३ टन, प्रक्षेपणाची किंमत ८ ते १२.५ कोटी डॉलर आणि पहिले उड्डाण २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हॅन्डेनबर्ग तळावरून, असे तिचे स्वरूप होते. यांपैकी मुदत पाच वर्षांनी हुकली आणि स्थळही बदलले.

तयार अग्निबाण एकमेकांना बांधण्याचे हे काम वरवर सोपे वाटते. ते तसे नव्हते. बाजूच्या दोन भागांचा रेटा मधल्या भागावर येत असल्याने त्याची रचना जवळजवळ नव्याने करावी लागली. बाजूच्या टाक्यांतील इंधन उड्डाण चालू असताना मधल्या इंजिनांना पुरविण्याची मूळ कल्पनाही सोडून देण्यात आली. त्यातच २०१५ व २०१६ मध्ये फाल्कन ९ चे अपघात झाले आणि कंपनीचे लक्ष तिकडे वळले. दरम्यान फाल्कन ९ चीच शक्ती इतकी वाढली, की ज्या उपग्रहांसाठी हेवी योजला होता त्यांतील काही त्या लहान अग्निबाणानेच नेले. हा कार्यक्रम तीनदा रद्द होता होता वाचला, असे मस्क यांनी नंतर सांगितले.

उड्डाणे

पहिले उड्डाण ६ फेब्रुवारी २०१८ रोजी फ्लोरिडातील केनेडी अंतराळ केंद्राच्या ३९-ए या तळावरून झाले. अपोलो मोहिमांचा हा तळ कंपनीने २०१४ मध्ये नासाकडून भाड्याने घेतला होता. चाचणीचा भार म्हणून मस्क यांची टेस्ला मोटार पाठविण्यात आली. ती आजही सूर्याभोवती फिरत आहे. बाजूचे दोन्ही भाग जमिनीवर सुखरूप उतरले; मधल्या भागाची इंजिने पेटविणारे द्रव्य संपल्याने तो समुद्रात कोसळला. दोन प्रवाशांना चंद्राभोवती फिरवून आणण्याची २०१७ ची घोषणा मात्र या अग्निबाणापुरती सोडून देण्यात आली.

एप्रिल २०१९ मध्ये अरबसॅट-६ए हा उपग्रह नेताना तिन्ही भाग उतरले, परंतु मधला भाग पुढे खवळलेल्या समुद्रात तराफ्यावरून कलंडला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सायकी या लघुग्रहाकडे जाणारे यान याच अग्निबाणाने निघाले.

गुरूच्या उपग्रहाकडे जाणाऱ्या युरोपा क्लिपर यानाची कथा अधिक बोलकी आहे. ते सरकारी एसएलएस अग्निबाणानेच जावे असा अमेरिकी काँग्रेसचा आग्रह होता. ती अट सुटल्यावर नासाने २०२१ मध्ये सुमारे १७.८ कोटी डॉलरचे कंत्राट स्पेसएक्सला दिले. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी झालेल्या या उड्डाणात पूर्ण शक्ती लागणार असल्याने तिन्ही भागांवर पाणी सोडण्यात आले.