डब्यावरच्या चाळीसची कुळकथा

उधन्यातल्या एका गॅरेजात तेल बदलायला बाइक लावली होती. मेकॅनिक खानदेशातला, तापीकाठानेच सुरतेत उतरलेल्या घरातला. जुनं तेल त्याने अंगठा-तर्जनीत चोळलं, बोटं फाकवली, तार तुटताना पाहिली. "पाणी झालं भाऊ याचं." शेजारी उभा असलेला पोरगा रात्री डुमस रोडवर गाडी पळवणारा. त्याला 'साठ' नंबरचं तेल हवं होतं. आकडा मोठा तितकं तेल दणकट, ही त्याची समजूत. डब्यावरच्या वीस डब्ल्यू चाळीसमधला 'डब्ल्यू' म्हणजे वजन, ही मेकॅनिकची.

आकडे नव्हते तेव्हाही शर्यती होत्याच, आणि त्यांचं तेल होतं एरंडेल. लंडनच्या वेकफील्ड कंपनीने १९०९ मध्ये आपल्या तेलाला कॅस्ट्रॉल नाव दिलं, ते त्यात मिसळलेल्या कॅस्टर म्हणजे एरंडेलावरून. पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या फिरत्या इंजिनांत तर दुसरं तेल चालेना. तिथे पेट्रोलचा वाफारा इंजिनाच्या पोटातूनच जायचा आणि खनिज तेल धुऊन न्यायचा. एरंडेल पेट्रोलमध्ये सहजी विरघळत नाही, धातूला धरून राहतं. इंजिन ते वापरून बाहेर फेकी आणि त्याचा धूर वैमानिकाच्या नाकातोंडात जाई. पुढचं मराठी वाचकाला सांगायला नको. आज देशातला बहुतेक एरंड गुजरातेतच पिकतो, मेहसाणा-बनासकांठ्याकडे.

आकड्यांचं घराणं अमेरिकेतलं. तेलांचं पहिलं वर्गीकरण तिथल्या मोटार अभियंत्यांच्या संस्थेने, म्हणजे एसएईने, १९११ मध्ये केलं. तीस, चाळीस ही ओळखीची नावं पुढच्या दशकात रुळली. मोजायची रीत सेबोल्टची: २१० अंश फॅरनहाइटला, उकळत्या पाण्याच्या जरा खाली, ६० मिलिलिटर तेल एका बारीक भोकातून गळायला किती सेकंद लागतात ते पाहायचं. ७० ते ८५ सेकंद लागले की त्याचं नाव चाळीस. म्हणजे चाळीस हे ना सेकंद, ना अंश, ना वजन. शाळेतल्या इयत्तेसारखं नुसतं पायरीचं नाव. आता सेकंदांचं माप गेलं, १०० अंश सेल्सियसला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असं मोजतात, पण नाव तेच. एरंडेल या मापावर सुमारे १९ भरतं, म्हणजे आजच्या पन्नासच्या खणात बसतं.

आणि डब्ल्यू म्हणजे विंटर. वीस डब्ल्यूची परीक्षा उणे १५ अंशांवर होते. सुरतेच्या थंडीत स्वेटरही पेटीतून नाइलाजाने निघतो! इथल्या गाडीला खरा अर्थ मागच्या आकड्याचा.

तोही मोठा तितका बरा असं नाही. खऱ्या ट्रॅकवर इंजिन फेऱ्यांमागून फेऱ्या लाल रेषेजवळ फिरतं, तेल १२० अंशांपलीकडे जातं आणि पातळ होतं. तिथे पन्नास-साठ तग धरतं. डुमस रोडचा पल्ला दहा मिनिटांचा. तेवढ्यात साठ धड तापतही नाही, नुसतं जड फिरतं आणि मायलेज खातं. शिवाय पोराच्या बाइकची फट-न्-फट तीसच्या हिशोबाने घासलेली. उलट रिंग रोडच्या गर्दीत, वारा न लागता तासभर तापणाऱ्या पार्सलच्या टेम्पोची काळजी मला जास्त वाटते.

मेकॅनिकने पोराच्या गाडीचं पुस्तक काढून पान दाखवलं: दहा डब्ल्यू तीस. पोरगा हिरमुसला. एरंडेलाची गोष्ट मी मघाशीच सांगितली होती. "मग तुमचं ते एरंडेल टाकू?"

"टाक की," मेकॅनिक म्हणाला. "राळ धरतं ते. दर रविवारी इंजिन खोलायला ये."