केली बार्न्स धरण

केली बार्न्स धरण : अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात टोकोआ ओढ्यावर एकेकाळी असलेले खासगी मालकीचे मातीचे धरण. ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास मुसळधार पावसात ते फुटले. टोकोआ फॉल्सच्या धबधब्यावरून कोसळलेला लोंढा पायथ्याच्या बायबल कॉलेजच्या वसाहतीत घुसला. ३९ माणसे दगावली. त्यांत मुले बरीच होती.

१८९९ मध्ये येथे लाकडी चौकटीत दगड भरून लहानसा बांध घातला गेला. पुढे १९३७ च्या सुमारास हे कॉलेज चालवणाऱ्या शिक्षणसंस्थेने विजेसाठी त्यावरच मातीचा भराव टाकला आणि नंतर तो आणखी उंच केला. उंची सुमारे ११.६ मी., लांबी १२२ मी. वीजनिर्मिती १९५७ मध्ये थांबली. तलाव करमणुकीपुरता उरला. अशा धरणाचा खरा धोका इथूनच सुरू होतो, कारण ज्याचे काम संपले त्याच्या देखभालीचा खर्च मालकाला नकोसा होतो आणि पाणी मात्र तसेच तुंबून राहते.

मातीच्या प्रत्येक धरणातून थोडे पाणी पाझरतेच. पाझर नितळ असेल तर सहसा काळजी नसते. तो गढूळ झाला, की पाण्याबरोबर भरावातील माती वाहू लागली असे समजावे. मग आतल्या आत पोकळ वाट तयार होते आणि भराव खचतो. भरावावर वाढलेली झाडे लोभस दिसली, तरी त्यांची मुळे कुजल्यावर पाण्याला आयत्या वाटा मिळतात. केली बार्न्सच्या उतारावर झाडे होती. तलावाच्या विरुद्ध बाजूचा उतार फार उभा होता आणि १९७३ च्या छायाचित्रात त्यावर दरड घसरलेली स्पष्ट दिसते. चार वर्षे ही खूण डोळ्यांसमोर होती. चौकशी मंडळाला फुटीचे एकच कारण ठरवता आले नाही. मात्र उतार घसरणे, पाझर आणि भिजून सैल झालेला भराव यांची साखळी त्याने संभाव्य मानली.

धरणांच्या तपासणीचा राष्ट्रीय कायदा अमेरिकेत १९७२ पासून होता, पण पैशाअभावी तपासणी रखडली होती. या दुर्घटनेनंतर मूळचे जॉर्जियाचेच असलेले राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी, फुटल्यास जीवितहानी करतील अशा बिगर-संघीय धरणांची तपासणी लष्कराच्या अभियंत्यांकडून सुरू करवली. १९८१ पर्यंत सुमारे ८,८०० धरणे पाहिली गेली. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश असुरक्षित ठरली. जॉर्जियाने १९७८ मध्ये स्वतःचा धरण-सुरक्षा कायदा केला.

भारताचा धरण सुरक्षा कायदा (२०२१) १५ मी.हून उंच धरणांना सरसकट लागू होतो. १० ते १५ मी. उंचीच्या धरणांसाठी किमान ५०० मी. लांबी, किमान १० लाख घनमीटर साठा किंवा मोठा पूर-विसर्ग, अवघड पाया यांसारखी एखादी अट पुरी व्हावी लागते. फुटताना केली बार्न्समध्ये पावणेआठ लाख घनमीटरच्या आसपास पाणी होते. लांबी आणि साठा या दोन्ही कसोट्यांवर ते आपल्या कायद्याच्या कक्षेबाहेरच राहिले असते.