मोटारीतील पाणीगळती
गाडीच्या आत पाणी झिरपून गालिचा भिजण्याचा दोष. ओल दिसते तिथेच भोक असते असे नाही. पाणी पत्र्याच्या आतून वाहत सखल भागात साचते. सनरूफच्या निचरा-नळ्यांत कचरा अडकणे, दाराच्या आतला प्लॅस्टिकचा पडदा सुटणे, रबरी पट्टी कडक होणे ही नेहमीची कारणे. पाऊस नसताना पुढे पायाशी ओल आली, तर बहुधा एसीची निचरा-नळी तुंबलेली असते. ओल चिकट व गोडसर वासाची असल्यास कूलंटची गळती तपासावी. शोध घेताना गालिचा उचलावा, एकाने विजेरी घेऊन आत बसावे, दुसऱ्याने हलक्या धारेने खालून वर पाणी सोडावे. तुंबलेली निचरा-नळी साफ करताना तिच्यात जोराची हवा मारू नये, सांधा निखळतो. मऊ नायलॉनची तार फिरवावी. गालिच्याखालचा फोम पुरता वाळल्याशिवाय गालिचा बसवू नये. नाहीतर तळाचा पत्रा गंजतो.